जयाबाईंचं चित्र

काकतीच्या जयाबाई मंगळवारी वारल्या. म्हणजे वारायच्या होत्या, पण तसलं काही झालंच नाही.

डॉक्टरांनी आशा सोडली, म्हणून त्यांच्या मुलानं, सौरवनं, मेल्यावर भिंतीवर लावायचं आईचं चित्र आधीच काढून घेतलं आणि चेहरा जुळतोय का ते बघायला थेट दवाखान्यात आणलं. चित्रात डोक्यावर पदर, मान खाली.

जयाबाई ताडकन उठून बसल्या. "मी कवा कुणाम्होरं मान खाली घातली रं, मुडद्या?"

"रंग वाळलाय गं आई. आता मान वर व्हायची न्हाय."

डॉक्टरांनी सलाईन काढलं. चित्र मात्र खाटेसमोरच ठेवायला सांगितलं. आठवड्यात जयाबाई चालत घरी निघाल्या.


वाटेत पंचायतीत अर्ज दिला: "चित्रातली मान सरळ होईपर्यंत अर्जदाराच्या मृत्यूची नोंद घेऊ नये, ही नम्र विनंती."