सुटा धागा

"मम्मी, याच्याकडे लक्ष ठेव हां. मुंग्या चढू देऊ नको," सोनी दप्तर अडकवत म्हणाली. "हा एकच उरलाय." आणि शाळेला पळाली.

खिडकीत, पाण्याच्या बाटलीत लिंबाची डहाळी खोचलेली होती. डहाळीला एक हिरवा कोश. सोनीनं अळ्या पाळल्या होत्या, रोज कोवळी पानं आणून घालत होती. बाकीच्या पालीनं, मुंग्यांनी नेल्या. ही एक तेवढी कोशापर्यंत पोचली.

जया नुकतीच सायली गावच्या धाग्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आली होती. डोळे नुसते चुरचुरत होते. लक्ष ठेव म्हणे! इथं उभं राहायचं त्राण नाही. पण पोरीचा शब्द मोडवेना, म्हणून ती खिडकीशी गेली. कोशाच्या पाठीवरून एक बारीक धागा गेलेला दिसला, आणि हात आपोआप पुढे झाला. कंपनीत रात्रभर दुसरं काय करते ती? बॉबिनीवर सुटा धागा दिसला की धरायचा चिमटीत आणि तोडायचा. तिनं तोडला.

कोश मागे कलंडला आणि उलटा लोंबकळला.

"अगं माय!" जयाला आता कळलं. अळीनं स्वतःला त्याच धाग्यानं बांधून घेतलं होतं. "जळले मेले हात!"

ओढणीला कंपनीचा धागा चिकटलेला होताच. तिनं तो काढला, कोश हलकेच सरळ केला, आणि जी गाठ ती पेंगतानाही मारते ती गाठ तिला तिसऱ्या खेपेला जमली. कोश जरासा वळवळला. जिवंत होता. जया खिडकीखाली बसली आणि तिला रडूच आलं.

सोनी दुपारी आली, तरी ती तिथंच बसलेली.

"मम्मी, हा तर तुमच्या कंपनीचा धागा!"

"माझ्याच हातनं तुटला गं आधीचा. सवयीनं."

सोनीचे डोळे भरले. ती कोशाकडे बघत राहिली, मग आईच्या तोंडाकडे. "तू झोपलीच नाहीस?"

"पडला तर, म्हणून बघत बसले."

सोनीनं चटई अंथरली, उशी दिली. "झोप आता. फुलपाखरू निघालं की उठवते."

"त्याच्यासाठी नको उठवू बाई," जया आडवी होत म्हणाली. "ते निघेल आपलं आपण. मला तेवढं कंपनीची गाडी यायच्या आत उठव."