उशिरा उडालेला बार

वडिलांची शिकारीची बंदूक आपल्याला सोडून ताईकडे गेली, हे धाकट्या भावाला सलत होतं. आज दोघं शेतात घुसलेल्या रानडुकराच्या मागावर होते. डुक्कर समोर येताच ताईनं नेम धरून चाप ओढला. नुसतं ‘खट्’ झालं आणि डुक्कर पसार. “तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आण इकडे!” म्हणत त्यानं नळीलाच हात घातला. “सोड! काडतूस जुनं आहे, उशिरा उडतं कधीकधी!” ताई ओरडली. तो हसला आणि नळी स्वतःकडे ओढू लागला. तिनं जिवाच्या आकांतानं नळी जमिनीकडे दाबली आणि बार उडाला. त्याच्या पायाशी वीतभर खड्डा पडला. तो मटकन खाली बसला. तिनं बंदूक उघडून काडतूस काढलं आणि त्याच्या कानाखाली एक सणसणीत लगावली. मग त्याचे पाय चाचपत ती रडतच विचारू लागली, “लागलं नाही ना रे?”