बाद झालेल्याने काय करायचं?

ज्या बोर्डगेममध्ये एखादा खेळाडू मध्येच बाद होतो, तो खेळ मी घरात येऊ देत नाही. बाकीचे दोन तास खेळत बसणार आणि बाद झालेल्याने काय करायचं, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा? वीस वर्षं दर रविवारी मी हे माझ्या तिघा दोस्तांना ठणकावून सांगत आलोय.

माझ्या स्ट्रोकनंतर आज ते पहिल्यांदाच खेळायला आले. पट मांडला. माझ्या पाळीला ड्रॅगन उजव्या हातातून निसटला आणि सगळ्यांचे किल्ले आडवे झाले. निनादने ते मुकाट्याने परत लावले. मी पुन्हा पाडले, तरी कोणी चिडलं नाही. एका चुकीच्या चालीवरून माझी सालटी काढणारी माणसं ही!

दुसऱ्या डावाला हेमांगीने पत्ते वाटले, तिघांनाच.

"तू जरा आराम कर रे," ती पटाकडे बघत म्हणाली.

भिंत धरत धरत मी आत पोचलो, तोवर बाहेर त्यांचं नेहमीसारखं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. मी डाव्या हाताने चहा टाकला.