तांब्याभर पाणी

पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा पायांनी अधू असलेल्या हौसाक्कांना शाळेतल्या निवाऱ्यात आणलं ते एका बोलत्या-चालत्या खुर्चीने. तीच सकाळपासून पाण्याचा तांब्या पुढे करत होती आणि हौसाक्का सुकल्या ओठांनी “नगं” म्हणत होत्या.

खुर्चीने नर्स मुमताजबाईंना विचारलं, “तहान लागलीय, तरी नको का म्हणतात?”

“पाणी प्यायलं की संडासला न्यावं लागतं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून.”

खुर्ची हौसाक्कांजवळ येऊन हळूच म्हणाली, “आक्का, मला संडासाकडं जायचंय. एकटीला भीती वाटते. सोबत येता?”

“तुला गं कशाला जायचंय तिकडं?”

खुर्चीने आपली बैठक त्यांच्याकडे वळवली.

“लबाड हाईस,” हौसाक्का हसल्या. “चल. पण आधी त्यो तांब्या दे हिकडं.”