नव्व्याण्णव अनारसे

"अडतीस झाली. ऱ्हायली एकसष्ट," हौशीराम आबांनी दारातूनच चाळणीतले अनारसे मोजले आणि सुनेला सांगितलं. "नव्व्याण्णव पुरी कर आन् मग खुशाल जा. मी काय धरून ठेवलंय व्हय तुला?"

अंबूबाईने मान वर केली नाही. धरून नाही ठेवलं म्हणे! बाहेर ओट्यावर तिचा धाकटा भाऊ नथू सकाळपासून बसला होता. सोमाटण्याहून बैलगाडी घेऊन आला होता. आई अंथरुणाला खिळलेली, तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही आणि तोंडात एकच, अंबूला आणा. नथूने हे हात जोडून सांगितलं. आबांनी त्याला चहा पाजला, पण सुनेला चुलीपुढच्या पाटावरून उठू दिलं नाही.

कारण धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. एकेका जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, बत्तीस चालत नाहीत. आबांना जावई तीन. तिघंही लेकरंबाळं घेऊन उद्या सकाळी वडगावच्या स्टेशनावर उतरणार होते. आणि अख्ख्या घरात अनारसे यायचे ते फक्त अंबूबाईला.

खरं तर हे सासूचं काम. पण धोंडाबाईच्या हाताला अनारसे येत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक. तिने पुरी कढईत सोडली रे सोडली की तिचा पार भुगा व्हायचा. पंचवीस-तीस वर्षं हेच. दर धोंड्याला शेजारणींच्या विनवण्या कराव्या लागायच्या. "हिच्या हातात जादू हाय. अनारसं टाकावं आन् गाळ काढावा!" आबा चारचौघांत म्हणायचे. सगळे हसायचे. धोंडाबाईही हसायची. म्हणून तर सात वर्षांपूर्वी सून बघायला गेल्यावर आबांनी आधी विचारलं, पोरीला अनारसं येत्यात का?

येतात की, असं अंबूबाईच्या बापाने छाती फुगवून सांगितलं. तिथंच मेली ती अडकली.

मागच्या धोंड्यालाही हीच गत. तिकडे आई आपल्या जावयाची वाट बघत बसली आणि इकडे अंबूबाई दुसऱ्यांच्या जावयांसाठी तळत बसली. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत, घरी यायचा रविवारी. बापापुढे तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. आणि न सांगता निघून गेली तर पुन्हा या घरात घेणार नाहीत, हेही तिला पक्कं माहीत होतं.

तिने खसखशीवर पुरी थापली, अलगद तुपात सोडली. घाईने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. अनारसा वरून करपला, आतून कच्चा राहिला.

"जाळ वाढवू नगंस," भिंतीला टेकून बसलेली धोंडाबाई म्हणाली. "आन् पिठाला दुधाचा हात जास्त लावू नगंस. फुटतंय."

अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःला काही येत नाही आणि दुसऱ्याला अक्कल शिकवते! या बाईला एवढं एक काम आलं असतं, तर आपण सकाळीच आईच्या उशाशी नसतो का?

"अक्का, ऊन कलाय लागलं," बाहेरून नथूचा आवाज आला. "बैलं जुपू का सोडू?"

अंबूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

धोंडाबाई उठली. तिने सुनेच्या हातातला झारा काढून घेतला आणि दाराशी जाऊन नवऱ्याला हाक मारली. "आवं, अंबू बाजूला बसली. आत्ताच. आता चार दिस तिला चूल न्हाई."

साफ खोटं होतं ते.

आबा दोन पावलं मागे सरले. "आत्ताच बसायचं हुतं व्हय? आन् केलेली?"

"ती आधीची. चालत्यात."

"मग गोठ्यात बसू दे तिला."

"उद्या जावई यायचे आन् सून गोठ्यात? बरं दिसतंय का? भाऊ न्यायला आलाय, जाऊ द्या."

"आन् बाकीची कोन करनार? तू?" आबा कडवट हसले. "वाडा जावयांना गाळ! जा बाई, जा. काय करायचं ते करा."

धोंडाबाई आत आली. चाळणीतले पाच अनारसे तिने सुनेच्या पदरात टाकले. "आईला दे. मोजनाऱ्याला मी बघते."

अंबूबाई मागल्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात थबकली. सासू पाटावर बसली होती. तिने पिठाचा गोळा उचलला, खसखशीवर बोटांनी भराभर थापला, तुपात सोडला. झाऱ्याने कडेचं तूप त्याच्यावर उडवलं. अनारसा वर आला. अख्खा. अशी जाळी अंबूबाईला सात वर्षांत जमली नव्हती.

"आत्याबाई!"

"वरडू नगंस," धोंडाबाई मागे न बघता म्हणाली. "माजी आई गेली तवा मी ह्याच पाटावर ह्या घरच्या जावयांचं तळत हुते. पोचले, तर राखच घावली. तवापासनं दुधाचा हात जास्त लावत गेले. आईसंगं हातचा गुन गेला म्हनली समदी, आन् मी सुटले. माज्या जागी तू अडकशील, ह्ये काय तवा ठावं हुतं?"

"काय गं, झाला का गाळ?" ओट्यावरून आबांनी विचारलं.

अंबूबाईचा पाय निघेना. "आत्याबाई, ह्ये बगितलं तर आबा आता तुमाला पाटावरनं कदी उठू द्यायचे न्हाईत."

"न देईनात." धोंडाबाईने दुसरी पुरी तुपात सोडली. "मला कुटं जायचंय? माज्या आईला जाऊन अठ्ठावीस वर्सं झाली. तुजी अजून हाय. पळ."