शेठ जेवले

हर्षदा दवाखान्यातून आली तेव्हा टबातली सुकट तशीच तरंगत होती. सकाळी जाताना टाकलेली. पाण्यानं फुगली होती, पण एक तुकडाही कमी झाला नव्हता.

टबाशेजारी सासूबाई, सरलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"शेठनी खादं नही," त्या म्हणाल्या. "मी बी नही."

शेठ म्हणजे कासव. तळहाताएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा. नाव हर्षदाच्या नवऱ्यानं, योगराजनं ठेवलेलं. दिवसभर काही न करता वेळेवर जेवतो तो सुरतेत शेठच, म्हणायचा.

भेस्तानच्या पुलावर योगराजची गाडी घसरली, त्या दिवशी सरलाबाईंनी कासवापुढे कौल लावला. गावी देवीपुढे लावतात तसाच. तिथे फूल उजवीकडे पडलं की होकार. इथे शेठ जेवला की योगराज उठणार. आज दिवेलागणीपर्यंत शेठ जेवला नाही, तर दवाखान्यात यायचं आणि डॉक्टरांना हो म्हणायचं, हेही काल त्यांनीच ठरवलं होतं.

डॉक्टरांना होकार हवा होता तो श्वासाचं मशीन काढायला. मेंदू संपला आहे, असं त्यांनी दोनदा तपासून सांगितलं होतं. हर्षदाला ते पटलं होतं. पण आईच्या शब्दाशिवाय धाकटा दीर वैभव पुढे जायला तयार नव्हता.

नासलेली सुकट काढायला हर्षदानं टबात हात घातला आणि थांबली. पाणी चांगलंच गार होतं. पांडेसऱ्यातल्या मिलच्या लॅबमध्ये ती रंगाचे नमुने जुळवायची. तिथला एक जुना थर्मामीटर घरात होता. तिनं तो पाण्यात धरला. अठरा अंश.

म्हणजे शेठ दुःखानं उपाशी नव्हता. कासवाला स्वतःची उष्णता नसते, बाहेरून मिळेल तेवढीच. पाणी गार झालं की पोट थांबतं, मग भूक. थंडी सुरू झाली की योगराज टबावर पिवळा बल्ब टांगायचा. तो बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अजून कपाटावरच होता.

फोन वाजला. वैभव होता.

"वहिनी, डॉक्टर संध्याकाळी येतील. आई येतेय ना?"

"बघते."

"शेठनं?"

"नाही खाल्लं."

वैभवनं श्वास सोडलेला तिला ऐकू आला. "बरं," तो म्हणाला, आणि त्यानं घाईनं फोन ठेवला.

काही करायचं नव्हतं. बल्ब आहे तिथे राहू द्यायचा, एवढंच.

तिनं शेठला उचललं. डोळे सुजून मिटले होते, पाय लोंबत होते. मागचं एक पाऊल तिनं चिमटीत दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मग पाऊल सावकाश आत ओढलं गेलं.

सकाळी डॉक्टरांनी तिच्यादेखत योगराजच्या नखावर पेन दाबून धरलं होतं. तो हात जागचा हलला नव्हता. अंगावर गरम हवेचं पांघरूण होतं. शरीर आता स्वतःची उष्णता धरत नाही, असं नर्सनं सांगितलं होतं.

हर्षदानं स्टूल ओढलं आणि कपाटावरून बल्ब काढला.

"दिवा कसाले?" सरलाबाईंनी विचारलं.

"थंडी वाजतेय त्याला." वायर खिडकीच्या गजाला बांधता बांधता ती म्हणाली, "आई, नीट ऐका. आता हा खाईल. ऊब मिळाली म्हणून खाईल. त्याचा ह्यांच्याशी काही संबंध नाही."

"तुनं शास्त्र तुना मीलमां ठेव."

"आई..."

"इतला दिन का नही लावा मंग दिवा? आजच का सुचनं तुले?"

हर्षदानं बल्ब लावला, नासलेली सुकट काढून ताजी टाकली. सरलाबाईंनी बल्बला हात जोडले.

दुपार सरली. शेठ बल्बखालच्या विटेवर मान टाकून पडला होता. समोरच्या गाळ्यातली लूम सुरू झाली, तशी जमीन बारीक थरथरू लागली. हर्षदा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिला झोप नको होती. बघायचं नव्हतं, एवढंच.

"खादं! खादं वं!"

ती उठून बसली. शेठ पाण्यात होता. सुकटीचं शेपूट त्याच्या तोंडाबाहेर हलत होतं. त्यानं मान ताणली, पुढच्या पायानं तुकडा फाडला, गिळला आणि दुसऱ्याकडे वळला.

सरलाबाईंनी स्वतःच फोन लावला. "वैभव, त्या डॉक्टरले नही म्हण. मशीनले हात लावू देऊ नको. शेठ जेवना रे! मना योगराज उठी!" पलीकडून वैभव काहीतरी बोलत राहिला. त्यांनी ते ऐकलं नाही. फोन खाली ठेवून त्या हर्षदाकडे वळल्या. एवढ्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला होता.

"भाकर टाक वं बेटा. भूक लागनी मले."

हर्षदानं परातीत पीठ घेतलं. पाण्यासाठी उठली, ती टबापाशी थांबली. शेठ तिसरा तुकडा ओढत होता. थर्मामीटर सव्वीस दाखवत होता. तिनं हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

कोमट होतं. सकाळी पांघरुणाखाली धरलेला योगराजचा हातही एवढाच कोमट होता.