दहा ते एक

"सकाळी दहा वाजता आपण काय करत होता?" मुलीनं कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं.

"बापाला आपण म्हणतेस? तब्येत बरी आहे ना?" बाबा म्हणाले.

नेमकं हेच तिला त्यांना विचारायचं होतं. पण अख्खा देश दिवसभर काय काय करतो हे मोजणाऱ्या पाहणीची प्रश्नावली तिनंच तयार केली होती आणि पहिला नियमही तिचाच: छापलंय तेवढंच वाचायचं. चाचणीला स्वतःचा बाप बसवला म्हणून नियम बदलत नाही. दुसरा नियम, खोलीत तिसरं माणूस नको. म्हणून आई दाराआड उभी होती.

निवृत्त झाल्यापासून बाबा रोज दहाच्या आत कुठेतरी जात, एकला परत येत. विचारलं तर "आलोच" म्हणत. परवा धुवायच्या शर्टात आईला नंबराचं टोकन सापडलं. तिनं मनातल्या मनात दवाखाना ठरवला, आजारही ठरवला आणि काल रडूनही घेतलं.

"दहाला बसलो होतो," बाबा म्हणाले.

"त्यानंतर काय केलंत?"

"बसूनच होतो."

"त्यानंतर काय केलंत?"

"नंबर लागला. उठलो."

दाराआड पळी पडली. मुलगी घोटभर पाणी प्यायली. पाण्याला नियमांत मनाई नव्हती.

"त्यानंतर काय केलंत?"

"टोकन एका बाईंना दिलं. कडेवर पोर रडत होतं, पुढे ही गर्दी. मग नवीन काढलं, परत बसलो."

"अहो, पण कुठल्या डॉक्टरकडे?" आई पळीसकट आत आली.

"डॉक्टर कशाला? बँकेत."

"बँकेत काय काम असतं रोज?"

"काहीच नसतं. काम असलं तर टोकन देता येईल का? पंखा आहे, पेपर आहे, मधूनमधून आपला नंबर पुकारतात. घरी बसलं की तू म्हणतेस, पाय वर घ्या, झाडायचंय."

आई मटकन खुर्चीत बसली. "काल तासभर रडले मी. फुकट गेलं सगळं," असं म्हणून ती इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला.

मुलीनं नाक पुसून प्रश्नावलीतली कामांची यादी चाळली. 'वाट पाहणे' होतं, 'इतरांना मदत' होतं. दोन्ही धरलं तर हा माणूस दहा ते एक दोनदा जगला असं निघत होतं. तिनं दोन्ही धरलं. एकच रकाना उरला.

"त्या वेळी आपल्यासोबत कोण होतं?"

"कुणी नाही."

"उद्या माझंही टोकन काढा," आई म्हणाली. "कुकर उतरवून येते."

बाबांनी बराच विचार केला.

"ये. पण तिथं पाय वर घ्या म्हणायचं नाही."